बेंबीच्या देठापासून

प्रिय चिऊ,


रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा निरोप मी तीनदा ऐकला. पहिल्यांदा तू काय म्हणतेस ते ऐकलं. दुसऱ्यांदा रडू आवरत कशी म्हणतेस ते ऐकलं. तिसऱ्यांदा मात्र शब्द सोडून दिले आणि दोन वाक्यांच्या मधला तुझा श्वास तेवढा ऐकला.

"आत्या, पहिली फेरी मी जिंकले, दुसरी गेली आणि तिसरीत हातच उचलेनात. दमच संपला गं. ती पोरगी तर माझ्याहून किरकोळ होती." मग जरा थांबून म्हणालीस, "सर म्हणतात, दानतियानमधून श्वास घे, आतली शक्ती वापर. असं खरंच काही असतं का? की नुसतं सिनेमातलं?"

फोनवर मी 'असतं' म्हटलं असतं तरी तुझा घोटाळा झाला असता आणि 'नसतं' म्हटलं असतं तरी झाला असता. म्हणून पत्र लिहायला बसले. लांबेल, पण तू वाचशील हे मला ठाऊक आहे.

दादाने तुझ्या लढतीची चित्रफीत पाठवली होती. सांडा या चिनी लढतीच्या दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या मी थांबवून थांबवून पाहिल्या. पहिल्या फेरीत तुझे खांदे जागेवर होते आणि पाय हलके होते. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर तिची लाथ तुझ्या बरगडीवर बसली आणि तिथून खांदे कानांकडे चढायला लागले. तोंड उघडं पडलं. प्रत्येक ठोशाच्या आधी तू श्वास कोंडत होतीस, ठोसा मारून झाला की घाईघाईने थोडी हवा आत ओढत होतीस आणि लगेच पुन्हा कोंडत होतीस. तुझे पाय हरले नाहीत चिऊ, हातही हरले नाहीत. श्वास छातीच्या वरच्या खणात अडकून बसला, तो खाली उतरलाच नाही.

आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखलंय. आपल्याला दम लागतो, दम संपतो, आपण घटकाभर दम खातो, कुणाला तरी दम देतो आणि घाई करणाऱ्याला दम धर म्हणून सांगतो. श्वास, ताकद, धाक आणि धीर, चारही गोष्टींना एकच शब्द. चिनी भाषेतला तुझ्या सरांचा 'छी' हा शब्द याच जातीचा आहे, म्हणून मला तो कधी परका वाटला नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. 'ताई ची' मधला 'ची' म्हणजे शक्ती, असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. तसं नाही. तिथे 'ची' आहे आणि त्याचा अर्थ टोक, परमसीमा. शक्तीचा किंवा श्वासाचा शब्द आहे 'छी'. इंग्रजी कानाला या दोन्हींत फरक कळत नाही, म्हणून जगभर घोळ झाला. आपण मात्र च आणि छ बालवाडीतच वेगळे शिकतो. तुझं 'दानतियान'सुद्धा चिनी माणसाच्या तोंडून ऐकलंस तर 'तानथ्येन'च्या जवळ जाईल. मी तसंच लिहिते.

'छी'चं जुनं अक्षर मला फार आवडतं. वर वाफेच्या वळणदार रेघा आणि खाली तांदळाची खूण. भाताच्या पातेल्यावरची वाफच जणू. रोजच्या बोलण्यात हा शब्द सगळीकडे सांडलेला असतो. हवा म्हणजे खोंगछी, हवामान म्हणजे थ्येनछी, अंगातली ताकद म्हणजे लीछी आणि राग येणं म्हणजे शंगछी. भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा चिनी माणूस हा शब्द दहादा वापरतो. त्यामुळे एखादा चिनी शिक्षक 'छी खाली उतरू दे' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एखादा गूढ निळा प्रकाश असेलच असं नाही. श्वास, जोर, मनाची उकळी, अंगाचं वजन, हे सगळं तो एका शब्दात सांगत असतो. आपण त्या शब्दाचं 'एनर्जी' असं भाषांतर करतो आणि मग ती एनर्जी कुठे सापडते ते शोधत बसतो.

मी शांघायमध्ये होते त्या सहा वर्षांत रोज सकाळी फूशिंग बागेत जायचे. फ्रेंचांच्या वस्तीतली जुनी बाग. उंच चिनार, मधोमध मार्क्स आणि एंगेल्सचा दगडी पुतळा, आणि झाडांखाली वेगवेगळे घोळके. कुणी नाचतंय, कुणी तलवार फिरवतंय, कुणी पक्ष्यांचे पिंजरे फांदीला टांगून गप्पा मारतंय. त्यातल्या एका घोळक्याला सत्तरीच्या एक बाई शिकवायच्या. सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या. आम्ही त्यांना लाओशी म्हणायचो, म्हणजे शिक्षक.

पहिले तीन महिने लाओशींनी मला एकही डाव शिकवला नाही. नुसतं उभं केलं. पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे किंचित सैल, हात पुढे जणू झाडाला कवेत घेतलंय असे. याला 'चान च्वांग' म्हणतात, खुंटासारखं उभं राहणं. चिनी युद्धकलांत ही साधना जुनी आहे. विसाव्या शतकात वांग श्यांगजाय (1885–1963) यांनी तर ठरीव डावांचे सगळे संच बाजूला ठेवून आपली सगळी पद्धत या उभं राहण्यावर बांधली. पहिल्या दिवशी चार मिनिटांत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या आणि खांदे दगड झाले. लाओशी मागून आल्या, दोन बोटं माझ्या खांद्यावर ठेवली आणि एकच शब्द म्हणाल्या, "सोंग."

मला मनातून हसू आलं. आपल्याकडे सोंग म्हणजे काय ते तुला माहीतच आहे. त्यांचा 'सोंग' वेगळा. त्याच्या जुन्या अक्षरात वर लांब केसांची खूण असते, म्हणजे अंबाडा सुटून केस मोकळे व्हावेत तसं सैल होणं. सैल म्हणजे ढेपाळलेलं नाही. सुटलेले केस डोक्याला धरूनच असतात, फक्त त्यांची ओढ गेलेली असते. तुझी पणजी म्हणायची, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. त्या दिवसापासून माझ्या यादीत दुसरी गोष्ट आली. सैलपणाचंही सोंग आणता येत नाही. दोन बोटं खांद्यावर ठेवली की लगेच कळतं.

त्या तीन महिन्यांत लाओशी श्वासाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. शेवटी न राहवून मीच विचारलं, श्वास कधी शिकवणार? त्यांनी माझा तळहात उचलून माझ्याच बेंबीखाली ठेवला. पोट हळूहळू वर-खाली होत होतं. कधीपासून, ते मलाच ठाऊक नव्हतं. खांदे उतरले, बरगड्या सुटल्या आणि श्वास आपल्या घरी गेला. मला तुला जे सांगायचंय त्याचं मूळ त्या क्षणात आहे. श्वास खाली ढकलायचा नसतो. त्याला वर अडकवून ठेवणारं जे आहे ते सोडायचं असतं.

आता त्यामागचं शरीर समजून घे, कारण तू विज्ञान शिकतेस आणि नुसत्या दृष्टांतावर तुझं समाधान होणार नाही.

फुप्फुसांच्या तळाशी श्वासपटल आहे, घुमटासारखा स्नायू. श्वास घेताना तो खाली सपाट होतो. हवा पोटात जात नाही, ती फुप्फुसातच राहते. पण पटल खाली आलं की पोटातले अवयव दाबले जातात आणि पोटाची भिंत बाहेर सरकते. म्हणून तळहाताला श्वास पोटात आल्यासारखा वाटतो. पटलाचे मागचे पाय कमरेच्या मणक्यांना घट्ट धरलेले असतात. वरून पटल, खालून कटितळाचे स्नायू, पुढून आणि बाजूंनी पोटाचे स्नायू, असा एक बंद डबा तयार होतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती जशी वाकवता येते पण चेपत नाही, तसा या डब्यातला दाब मणक्याला आधार देतो. पायाने जमिनीला दिलेला रेटा कमरेतून हातापर्यंत जायचा तर मधला हा भाग पोकळ राहून चालत नाही, आणि लाकडासारखा ताठ राहूनही चालत नाही.

तानथ्येन म्हणजे या डब्याचा मध्य. बेंबीखाली तीन-चार बोटं, कातडीच्या जरा आत. 'तान' म्हणजे हिंगूळ, ताओ पंथाच्या किमयागारांचा लाल खडा, आणि 'थ्येन' म्हणजे शेत. शवविच्छेदनात असा कोणताही अवयव सापडणार नाही. पण माणूस सरळ उभा असतो तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य साधारण याच पट्ट्यात असतो, आणि मी आत्ता सांगितलेला दाबही इथेच जाणवतो. आपणही ही जागा ओळखतो गं. खरी हाक मारायची तेव्हा बेंबीच्या देठापासून मारतो, आणि भीती वाटली की पोटात गोळा येतो तोही याच भागात. तुझ्या सरांनी सांगितलं ते बरोबरच आहे. फक्त ती जागा शक्तीचं कोठार समजू नकोस. तो जोराचा सांधा आहे.

आता आकडे. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण 500 मिली हवा घेतो. त्यातली सुमारे 150 मिली नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. समज, तू मिनिटाला 20 वेळा 500 मिली घेतलीस. एकूण 10 लीटर, त्यातली 7 लीटर कामाला आली. आता धापा टाकत 40 वेळा 250 मिली घेतलीस. एकूण तेवढीच 10 लीटर, पण कामाला आली फक्त 4. लढतीत आकडे याहून कितीतरी मोठे असतात, पण हिशोब हाच. वरवरच्या धापा म्हणजे शब्दशः तोंडची वाफ दवडणं.

दुसरं, हाताचं. कोपर सरळ करणारा स्नायू दंडाच्या मागे आहे, वाकवणारा पुढे. भीतीने किंवा ईर्ष्येने सगळा हात आवळलास की दोन्ही एकदम ओढतात. गाडीचा ॲक्सिलरेटर दाबायचा आणि दुसरा पाय ब्रेकवर ठेवायचा, तसं. इंजिन तापतं, पेट्रोल जळतं, गाडी रडतखडत पुढे जाते. तिसऱ्या फेरीत तुझे हात उचलेनात, कारण पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांनी तुझ्याशीच कुस्ती केली होती. चिनी शिक्षक 'ली' आणि 'चिन' असे दोन शब्द वापरतात. ली म्हणजे कच्चा जोर, जो बैलातही असतो. चिन म्हणजे सरावाने वळण लावलेला जोर, ज्यात ब्रेकवरचा पाय उचललेला असतो आणि टाचेपासून बोटापर्यंत मध्ये कुठे गळती नसते. तू विचारलेली 'आतली शक्ती' ती हीच. नवीन काही मिळवायचं नाही, आहे त्यातलं वाया घालवणं थांबवायचं.

हे मला पहिल्याच वर्षी कळलं, पण पटलं नाही. आणि जे पटत नाही ते माणूस दुसरीकडे शोधायला जातो. माझी चूक तुला सांगते, कारण ती तू करावीस असं मला वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या एका शहरातल्या शिबिराला गेले. तिथे 'उलटा श्वास' शिकवत होते. साध्या श्वासात हवा घेताना पोट बाहेर येतं. उलट्या श्वासात घेताना ओटीपोट किंचित आत जातं आणि सोडताना भरतं. जोर बाहेर काढण्याच्या क्षणी हे आपोआप घडतं. तू जोरात खोकलीस आणि तळहात पोटावर ठेवलास तर तो कडकपणा जाणवेल. म्हणजे त्या श्वासात वाईट काही नाही. पण तिथे श्वास कोंडायला सांगत, तीस आकडे मोजायला सांगत, आणि कोंडलेला श्वास मनाने खाली दाबायला सांगत. मी मन लावून केलं. दोन आठवड्यांत डोकं जड राहायला लागलं, कानात शिट्टी वाजायला लागली, झोप उडाली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि दोनदा माझ्याकडे पाहिलं. घसा बंद करून कुंथलं की छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब एकदम उसळतो, हे त्यांनी मला चित्र काढून समजावलं. चिनी साधकांत या भरकटण्याला जुना शब्द आहे. 'आग वाट चुकली आणि भूत शिरलं' असा त्याचा अर्थ. म्हणजे धोका त्यांनाही पूर्वीपासून माहीत होता.

मी परत आले तेव्हा लाओशी रागावल्या नाहीत. त्यांनी मला पुन्हा तीन महिने नुसतं उभं केलं. तेव्हा कळलं की दम धरणं आणि श्वास कोंडणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मी दुसरी करत होते, कारण पहिली माझ्याकडे नव्हती.

पुढे एका उन्हाळ्यात मी चेनजियागोऊला गेले. हनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला वन नावाचा तालुका आहे, तिथलं हे गाव. भोवती गव्हाची आणि मक्याची शेतं. आपल्या कोनफळाच्या कुळातला एक लांब, काठीसारखा कंद या तालुक्यात होतो, त्याचे भारे रस्त्याच्या कडेला विकायला होते. जागोजागी शाळा, आणि अंगणात घामाने निथळणारी दहा-बारा वर्षांची पोरं. सतराव्या शतकातला चेन वांगतिंग हा इथला लढवय्या. थायचीछ्वान म्हणजे आपण जिला ताई ची म्हणतो, तिची सर्वांत जुनी घराण्याची परंपरा या गावातून येते. चेन चांगशिंग (1771–1853) इथलेच. ते इतके सरळ उभे राहत की लोक त्यांना देवघरातल्या पूर्वजांच्या लाकडी पाटीची उपमा देत. बाहेरून आलेला यांग लुछान (1799–1872) त्यांच्याकडे शिकला आणि ही कला बीजिंगला घेऊन गेला. त्याच्या नातवाने, यांग चंगफूने, तिला आज बागांमध्ये दिसणारी मोठी, संथ, एकसारखी चाल दिली. 1956 मध्ये सरकारी क्रीडा विभागाने त्यातूनच 24 हालचालींचा सोपा संच बांधला. 2020 मध्ये युनेस्कोने थायचीछ्वानला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

चेनजियागोऊतली थायची मात्र नुसती संथ नाही. पोरं रेशमासारखी वळत वळत जातात आणि मध्येच पाय आपटून कोपर असं झटकतात की जमीन घुमते. या वळणाला ते 'रेशीम उलगडणं' म्हणतात. कोशातून धागा ओढताना हात अडखळला तर गुंता होतो, हिसका दिला तर धागा तुटतो. मी तिथे उभी राहून त्या पोरांचे श्वास ऐकत होते. झटक्याच्या क्षणी नाकातून किंवा घशातून छोटासा 'हं' किंवा 'हा' यायचा आणि पुढचा श्वास आपोआप आत यायचा. कुणीही मोजत नव्हतं. हालचाल उघडली की श्वास आत, मिटली की बाहेर, इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं.

परत आल्यावर मी या कलेचा इतिहास वाचला. तुझ्या वर्गात कुणीतरी सांगेल की हे सगळं आपल्या बोधिधर्माने शाओलिनला नेलं. ऐकायला मलाही बरं वाटायचं. पण ज्या 'यी चिन चिंग' म्हणजे 'स्नायूंचं परिवर्तन' या ग्रंथाच्या आधाराने ते सांगतात, तो 1624 च्या सुमाराचा आहे, बोधिधर्मानंतर हजार वर्षांहून जास्त काळाने लिहिलेला. थांग हाओ या चिनी इतिहासकाराने 1930 च्या सुमारास या दंतकथा पुराव्यानिशी तपासल्या आणि त्या गळून पडल्या. 'आतली' आणि 'बाहेरची' अशी युद्धकलेची वाटणी सर्वांत आधी सापडते ती 1669 मध्ये, हुआंग झोंगशी या विद्वानाने लिहिलेल्या एका समाधिलेखात. तेव्हा चीनवर मांचूंचं राज्य नुकतंच आलेलं होतं, आणि हुआंग पडलेल्या मिंग राजवटीशी निष्ठावंत होता. 'आतलं' म्हणजे आपल्या मातीतलं आणि 'बाहेरचं' म्हणजे परक्यांकडून आलेलं, असाही अर्थ त्या शब्दांत अभ्यासकांना दिसतो. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुन लुथांग यांनी शिंगयी, बागुआ आणि थायची या तीन युद्धकलांवर पुस्तकं लिहिली आणि या तिघींना 'आतल्या कला' म्हणण्याची रीत पक्की झाली. हे तुला अशासाठी सांगते की 'आतलं' हा शब्द ऐकला की मान झुकवायची गरज नाही. शब्दालाही इतिहास असतो, आणि शब्दाआड कुणीही लपू शकतं.

तू पाहिलेल्या चित्रफिती मलाही कुणी ना कुणी पाठवतं. म्हातारा गुरू हात हलवतो आणि दहा शिष्य न शिवता उडून पडतात. ते शिष्य खोटारडेच असतात असं नाही. गुरूवरची श्रद्धा आणि घोळक्याची सवय अंगाला पाडू शकते. पण शिष्य नसलेल्या माणसापुढे ते चालत नाही. 2017 मध्ये छंगडू शहरात शू श्याओडोंग या मिश्र युद्धकलेच्या लढवय्याने स्वतःला थायचीचा गुरू म्हणवणाऱ्याला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडलं. चीनभर गदारोळ झाला. मला त्या दिवशी वाईट वाटलं, पण थायची हरली म्हणून नाही. ज्या कलेत रोज एकमेकांना ढकलून स्वतःला तपासायची रीत आहे, तिच्यातच न तपासलेली माणसं गुरू झाली, म्हणून.

त्या रीतीला 'थ्वेशोऊ' म्हणतात, हातांनी ढकलणं. दोघं समोरासमोर, मनगटाला मनगट टेकलेलं. लाओशींना मी पहिल्यांदा ढकललं तेव्हा सगळा जोर लावला होता. त्यांनी अडवलं नाही, मागेही सरकल्या नाहीत. माझा जोर कुठेतरी खाली त्यांच्या टाचेत गेला आणि मीच पुढे झुकले. त्यांनी एक श्वास सोडला आणि मी दोन पावलं मागे होते. जादू नव्हती. मी माझा तोल स्वतःहून देईपर्यंत त्यांनी वाट पाहिली होती. एवढा वेळ शांत राहायला जो दम लागतो, तो त्यांनी चाळीस वर्षं रोज सकाळी उभं राहून कमावला होता.

या साधनेचं मला सर्वांत पटलेलं फळ मात्र आखाड्यात नाही, दवाखान्यात दिसलं. 2012 मध्ये अमेरिकेत कंपवाताच्या 195 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, 24 आठवडे थायची केलेल्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. आतल्या शक्तीचा पुरावा कुणी मागितला तर मी दहा माणसं उडवून लावणारा म्हातारा दाखवणार नाही. थरथरत्या पायांनी न पडता वळणारी आजी दाखवीन.

आता तुझ्यासाठी. मनावर घे, पण घाई करू नकोस.

रोज सकाळी धावायला जायच्या आधी दहा मिनिटं खुंटासारखी उभी राहा. श्वासाकडे लक्ष देऊ नकोस, खांद्यांकडे दे. मग जबडा, मग पोट, मग गुडघे. कुठे काय आवळलंय ते शोध आणि सोड. दिवसाला एकच जागा सुटली तरी पुष्कळ. महिन्याभराने तळहात बेंबीखाली ठेवून बघ.

ठोसा किंवा लाथ मारताना तोंडातून छोटा आवाज जाऊ दे. आवाज निघतोय म्हणजे घसा उघडा आहे, आणि घसा उघडा आहे म्हणजे श्वास कोंडलेला नाही. सगळी हवा रिकामी करू नकोस, थोडीच. आत घ्यायची चिंता करू नकोस, ती येते.

दोन फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात घ्यायच्या श्वासापेक्षा सोडायचा श्वास लांबव. आपण श्वास घेतो तेव्हा हृदय किंचित वेगाने धडधडतं, सोडतो तेव्हा किंचित मंदावतं. लांब सोडलेला श्वास म्हणजे धावत्या हृदयाच्या पाठीवरून फिरवलेला हात. सुरुवातीच्या धापा येऊ देत, त्यांच्याशी भांडू नकोस. त्यानंतरचे पाच-सहा श्वास तुझे.

कोंडणं, मोजणं, दाबणं, यातलं काहीही एकटीने करू नकोस. आणि धावणं, दोरीवरच्या उड्या, सरांनी दिलेला घाम सोडू नकोस. हृदय आणि पाय तयार नसतील तर श्वास एकटा काही करू शकत नाही. कुंग फू या शब्दाचा मूळ अर्थ मारामारी नाहीच. वेळ आणि कष्ट घालून आलेलं कसब, मग ते स्वयंपाकातलं असो की अक्षर काढण्यातलं.

तुला आठवणार नाही, तुझ्या बारशाला पाळण्याशी वाकून तुझ्या कानात नाव मीच सांगितलं होतं. मागे वहिनी आणि काकू पाठीत धपाटे घालत होत्या, कुर्र करत होत्या, आणि मी वाकलेलीच राहिले, कारण तुझं पोट बघत होते. एवढंसं पोट, आणि झोपेत बेंबीपासून गळ्यापर्यंत सगळीच तू श्वास घेत होतीस. तुझा एकही खांदा आवळलेला नव्हता. तेव्हा मला थायचीचं नावही माहीत नव्हतं. कित्येक वर्षांनी फूशिंग बागेत लाओशींनी माझा तळहात माझ्या पोटावर ठेवला, तेव्हा मला तो पाळणा आठवला.

म्हणून तू दिवाळीला येशील तेव्हा आपण दोघी गच्चीवर उभ्या राहू. मी तुझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवीन आणि तुझ्या कानात दुसरा शब्द सांगीन. पहिला तुला जगाने हाक मारावी म्हणून होता. हा तुझ्या तिसऱ्या फेरीसाठी.

सोंग, चिऊ. सैल सोड.

तुझी,
आत्या